निळ्या गाडीचे मुसके

मित्रांनो, गॅरेजच्या दाराजवळ खिळ्याला लटकलेले, काळे, दोन्ही बाजूंना पट्टे असलेले जे दिसते आहे ना, ते म्हणजे मी. नवख्या माणसाला वाटते, कुणी रेनकोट वाळत टाकला आहे. पण मी मोटारीच्या नाकावर, म्हणजे पुढच्या भागावर, बांधायचे एक जुने आवरण आहे. दुकानात मला भारदस्त नाव होते. घरात मात्र सगळे मला मुसके म्हणतात. हे नाव शेजारच्या काकांचे. मला पहिल्यांदा गाडीवर चढवलेले पाहून ते कुंपणापलीकडून ओरडले होते, "काय हो, गाडीला मुसकं बांधलंत? चावते की काय?"

माझा जन्म एका शिवणखोलीत झाला. बाहेरून पाणी न शिरणारे जाड रेक्झिन, आतून लव असलेले अस्तर, कडांना इलॅस्टिक आणि आकडे. मला शिवणारी बाई प्रत्येक आवरण उलटे करून अस्तर आपल्या गालावर फिरवायची. "गालाला टोचलं नाही, तर रंगालाही टोचणार नाही," असे ती शेजारणीला सांगायची. मला गालावर फिरवून ती हसली होती. ते हसू आठवले की आजही मला मान वर करवत नाही.

मला विकत घेतले ते या घरातल्या बाबांनी. ते मोठमोठे वजनकाटे तपासतात. दगडखाणीवरच्या काट्यासाठी त्यांना खडीच्या ट्रकांमागून जावे लागे. अशा रस्त्यावर ट्रकच्या चाकातून उडालेली खडी समोरून येऊन आदळते. गाडीचा वेग दुप्पट झाला, तर खडीचा मार चौपट होतो. रंगाचा टवका उडतो, खालचा पत्रा उघडा पडतो आणि तिथे गंज धरतो. बाबांची गडद निळी गाडी नवी होती. त्यांच्या आयुष्यातली पहिली नवी गाडी. दुकानदाराने मला बांधताना बजावले होते, "घरी आलात की काढा, झटका, वाळवा." पण बाबांचे सगळे लक्ष आकडा कुठे अडकतो याकडे होते. ते नुसतेच "हो हो" म्हणाले.

मी खडीचा मार मुकाट्याने झेलला. टक्, टक्, टक्! माझ्या अंगावर खळगे पडले, पण आतल्या रंगाचा एकही टवका उडाला नाही. बाबा आल्यागेल्याला माझ्यावर थाप मारून सांगत, "हा आहे म्हणून गाडी आहे." खोटे कशाला सांगू, मी फुगलो.

बाबांनी मला इतके चापूनचोपून बसवले होते की, पुन्हा तसे बसेल की नाही या भीतीने ते मला काढतच नसत. दर रविवारी ते गाडी धूत, तीही माझ्यासकट. माझ्यावर बादली ओतत, मला पुसत, चमकवत. ते पाणी माझ्या कडेवरून आत जाई आणि जाताना बारीक वाळू घेऊन जाई. पाणी कसेबसे सुके. वाळू तिथेच राही.

पहिला कण मला कळला होता, मित्रांनो. गाडी वेगात निघाली की वाऱ्याने मी थरथरतो. त्या थरथरीबरोबर तो कण रंगावर पुढेमागे घासू लागला. मग दुसरा आला, मग मोजता येणार नाहीत इतके. वाळूचा कण रंगावरच्या पारदर्शक लेपापेक्षा कितीतरी कठीण असतो. अडकलेल्या ओलीने तो लेप दुधासारखा धुरकट होऊ लागला. जिला राखायचे, तिलाच मी आतून ओरबाडत होतो. आणि वरून शाबासकी घेत होतो.

याच सुमारास ताईला, म्हणजे बाबांच्या मुलीला, खाणीपलीकडच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. पहाटेची पाळी होती, आणि त्या वेळी तिकडे बस नव्हती. बाबांनी गाडी द्यायचे कबूल केले. रस्त्याची सवय व्हावी म्हणून ती एकदा एकटीच जाऊन आली. परतल्यावर माझा एक आकडा निसटलेला दिसला. नीट बसवावे म्हणून बाबांनी मला पहिल्यांदाच पूर्ण उचलले.

खाली निळा रंग नव्हताच. ओरखड्यांचे जाळे होते आणि त्यावर पांढुरकी साय.

"हे काय करून आणलंस?"

"मी काही नाही केलं, बाबा. अगदी सावकाश नेली होती."

"मग हे काय आभाळातून पडलं?"

आई दारातून म्हणाली, "अहो, आधी तिचं ऐकून तरी घ्या."

"रंगाचं एक वेळ सोड. पण ही तोंडावर खोटं बोलतेय!"

"मी खोटं बोलत नाहीये," ताई म्हणाली. बाबांनी चावी खिशात टाकली. "नोकरीचं बघ तुझं तू," असे म्हणाले आणि शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून मला पुन्हा त्याच ओरखड्यांवर बांधले.

तिला खरे ठरवणारा पुरावा माझ्याच अस्तरात होता, आणि मीच त्यावर पांघरूण झालो होतो. मला तोंड असते तर मी किंचाळलो असतो. ताई जेवायला सगळ्यांबरोबर बसेनाशी झाली. नोकरीला नाही म्हणून कळवावे लागणार, असे तिने आईला सांगितले. ते बाबांनीही ऐकले, आणि ते गॅरेजमध्ये आले.

गाडी रंगाऱ्याकडे न्यायची म्हणून त्यांनी मला काढले आणि आपल्या उघड्या मानेवर टाकून आकडे गोळा करत राहिले. थोड्या वेळाने मान खाजवत ते घरात गेले. मी खांद्यावर तसाच होतो.

"अगंबाई, मानेला काय झालं? मांजरानं ओरबाडल्यासारखं दिसतंय!" आई म्हणाली.

बाबांनी मला खाली घेतले, उलटे केले आणि अस्तरावर तळवा फिरवला. फरशीवर वाळू सांडली. सर्र असा आवाज झाला. मग ते मला घेऊन पुन्हा गाडीपाशी आले. माझी कड जिथे टेकत असे, बरोबर त्या रेषेपर्यंत ओरखडे होते. रेषेपलीकडचा रंग आरशासारखा लखलखीत होता. काटे तपासणारा माणूस तो. त्याला आणखी काय सांगायला हवे?

नोकरीला नाही कळवायला ताई फोनकडे हात नेत होती, तेव्हा बाबांनी तिच्यासमोर चावी ठेवली.

"कशाला?" तिने वर न बघता विचारले.

"माझी मान बघ. गाडीचंही असंच झालंय. दर रविवारी मीच ओरबाडत होतो तिला."

ताईने मान पाहिली. तिला हसू आले नाही.

"बाबा, मी खोटं बोलत नव्हते."

"नव्हतीस," बाबा म्हणाले. "आणि मी ऐकून घेतलं नाही. ते जास्त चुकलं."

मग तिने चावी उचलली.

रंगाऱ्याने घासूनपुसून बरेच ओरखडे घालवले. खोल होते ते मात्र राहिले. आता मी रोज पहाटे त्यांच्यावरच बांधला जातो. ताई घरी आली की मला काढते, झटकते, उलटे करून वाळवते. माझे खरे रूप ठाऊक असूनही तिने मला फेकून दिले नाही, याचेच मला ओझे वाटते.

मित्रांनो, ज्याला जपायचे आहे त्याला झाकून विसरू नका. मधूनमधून झाकण उचला आणि आत हात फिरवून पाहा. बांधण्यापूर्वी ताई माझे अस्तर आपल्या गालावर फिरवते, अगदी त्या शिवणाऱ्या बाईसारखे. ही रीत तिला कुणी शिकवलेली नाही. तिचा गाल टेकला की दर वेळी मी थिजतो. एखादा कण राहिला तर नसेल ना?