मंत्र्याची हजामत

चित्र छापायच्या ठोकळ्यात लाकडाचे सहा तुकडे होते, मागून चार बोल्टांनी एकमेकांना आवळलेले. दोन तुकड्यांवर पडदा, एकावर टेबल आणि दौत, दोहोंवर लांब कोट, त्यातला उजवा हात पुस्तकावर ठेवलेला. सहाव्यावर मंत्र्याचं डोकं यायचं होतं. तिथे सध्या बत्तीस मिलीमीटर व्यासाचं भोक होतं.

हे धड कासिल्दानं दोन वर्षांपूर्वी कोरलं होतं. तेव्हापासून माद्रिदमधले सगळे मंत्री त्याच कोटात साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर येत. मंत्री बदलला की जुनं डोकं पोखरून काढायचं, भोकात नव्या लाकडाचं बूच ठोकायचं आणि त्यावर नवा चेहरा कोरायचा. वाचकांची कधी तक्रार आली नव्हती. कोट कोणालाही बसतो, असं मालक-संपादक डॉन हासिंतो म्हणायचे.

कारखान्यात एक रीत होती. चित्रात पडदा कोणीही कोरो, कोट कोणीही कोरो, सही त्याची जो चेहरा कोरेल. कासिल्दा नऊ वर्षं पडदे, कोट आणि घोड्यांच्या शेपट्या कोरत आली होती. तिचं नाव कुठल्याही कागदावर उमटलं नव्हतं. यंदा उस्ताद गास्पारच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि डॉन हासिंतोंनी नाइलाजानं डोकं तिच्याकडे दिलं. "एक चेहरा छापून येऊ दे," ते म्हणाले होते, "मग पुढची सगळी डोकी तुझी. पण छापून आलं तरच."

पहिलं डोकं बेर्मेखोचं. पातळ कल्ले, चष्मा. तिनं तीन दिवस खपून कोरलं. चौथ्या दिवशी सरकार पडलं.

"तुझ्या कोरणीला विष लावलंयस का ग?" गास्पारनं विचारलं. त्याला दिसत नव्हतं, पण तो रोज येऊन आपल्या जागी, उत्तरेच्या खिडकीपाशी बसायचा आणि आवाजावरून कोणाचं काम कुठवर आलंय ते ओळखायचा. "आमच्या गल्लीत एक करवसुलीवाला आहे. त्याचं एक चित्र काढ की."

"उस्ताद, तुमचंच काढते थांबा," कासिल्दा म्हणाली.

बेर्मेखोला पोखरताना भोक वाढलं. कडेचं लाकूड चिरडतं, म्हणून दरवेळी थोडं पुढे, चांगल्या लाकडापर्यंत जावं लागतं. आता ते सदतीस मिलीमीटर झालं. त्यात कॉलर गेली, टायची गाठ गेली. तिनं नवं बूच ठोकलं आणि नवे मंत्री आल्दामा यांचा फोटो समोर ठेवला. आल्दामा म्हणजे तीन चतुर्थांश केसच होते. छातीपर्यंत काळी दाढी, कानांवर आलेली झुलपं, भुवया मिशांसारख्या. तिनं डोळे कोरले, नाक कोरलं, कॉलर परत कोरली, आणि दाढीत बारीक रेघा ओढत होती तेव्हा शुक्रवारी दुपारी डॉन हासिंतो टोपी हातात घेऊन आत आले. संसद तिथून दोन गल्ल्यांवर होती आणि ते पळत आलेले दिसत होते.

"आल्दामा गेला," ते म्हणाले.

"कुठे?"

"घरी. आत्ताच राजीनामा दिला. सांतुर्दे म्हणून कोणी आलाय."

कासिल्दानं डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं. "यांना काही कामधंदे नाहीत का? एक आठवडा एका जागी बसवत नाही? माझ्या आजीचा बोकडसुद्धा फोटोवाल्यापुढे स्थिर उभा राहिला होता."

"नवं बूच ठोक. सकाळी छपाई आहे."

"कशात ठोकू?" तिनं ठोकळा उलटा करून त्यांच्यापुढे धरला. "हा बघा सांधा. हा बोल्ट. आणखी दोन मिलीमीटर पोखरलं तर बोल्ट उघडा पडेल आणि यंत्राखाली मंत्र्याची मान मोडेल. खऱ्याआधी."

"मग पानावर काय छापू? दौत?"

गास्पार खिडकीपाशी हसला. डॉन हासिंतो खुर्चीत बसले. कासिल्दा काही वेळ आल्दामाच्या दाढीकडे पाहत राहिली. लाकडात कोरलेलं पांढरं उमटतं, राखलेलं काळं. पांढऱ्याचं काळं करता येत नाही. पण काळ्यातून हवं ते काढता येतं, आणि या माणसात काळं भरपूर शिल्लक होतं.

"सांतुर्देला दाढी आहे?" तिनं विचारलं.

"नाही."

"मिशी?"

"नाही. टक्कल आहे." डॉन हासिंतोंनी खिशातून फोटोचं कार्ड काढलं. "गुळगुळीत आहे, अंड्यासारखा."

"देव पावला," कासिल्दा म्हणाली आणि भिंग डोळ्याला लावलं.

तिनं कपाळापासून सुरुवात केली. केसांच्या जाड रेघा कापून कापून इतक्या बारीक केल्या की त्यांची कातडी झाली. झुलपांच्या काळ्यातून कान काढला. मग डाव्या गालावरची दाढी. प्रत्येक रेघ दोन्ही बाजूंनी तासायची, तुटू द्यायची नाही, नाहीतर गालावर खड्डा. हनुवटीच्या मध्यापर्यंत आली तेव्हा खिडकीतला उजेड उतरायला लागला होता.

"नाक आल्दामाचंच राहील," ती म्हणाली.

"नाक कोण बघतंय? टक्कल बघतील," डॉन हासिंतो म्हणाले. मग घसा साफ करून म्हणाले, "सहीचं मात्र, कासिल्दा, या अंकात राहू दे."

"का?"

गास्पारच बोलला. "रीत चेहरा कोरणाऱ्याची आहे. ही हजामत झाली. न्हाव्याची सही घ्यायची का?"

कासिल्दानं कोरणी टेबलावर ठेवली. हात पुसले. पिशवीतला बटाट्याच्या ऑम्लेटचा तुकडा काढला आणि खायला लागली.

"काय झालं?" डॉन हासिंतोंनी विचारलं.

"संपलं माझं."

ते उठून ठोकळ्यावर वाकले. एका बाजूला तुळतुळीत गाल, दुसऱ्या बाजूला छातीपर्यंत दाढी. "हे काय? अर्धाच केलायस."

"अर्धा आल्दामा, अर्धा सांतुर्दे. तसाच छापा. सकाळी जो मंत्री असेल तो आपापली बाजू बघून घेईल."

"कासिल्दा, थट्टा पुरे."

"थट्टा मी नाही करत, ते संसदेतले करतात. दोन डोकी कोरली, तिसरं त्यातूनच काढतेय. हजामत वाटत असेल तर उस्ताद, तुमच्याकडे वस्तरा आहे ना? उरलेला गाल तुम्ही करा."

गास्पार उठला, चाचपडत टेबलापर्यंत आला आणि ठोकळ्यावरून बोट फिरवलं. कपाळ, कान, डावा गाल. एकदा परत डावा गाल.

"रेघा तुटल्या नाहीयेत," तो डॉन हासिंतोंना म्हणाला. "एकही नाही. वस्तऱ्यानं असं होत नाही. करू द्या सही."

"अहो, पण आत्ता तुम्हीच..."

"मी आंधळा आहे. मला आत्ता दिसलं."

डॉन हासिंतोंनी टोपी डोक्यावर घातली, काढली. "बरं. पण लहान. आणि गाल पुरा कर बाई."

"आधी सही," कासिल्दा म्हणाली.

तिनं कोटाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे काळं सपाट होतं, तिथे उजवीकडून डावीकडे उलटी अक्षरं कोरायला घेतली. गास्पार तिच्या मागे उभा होता. "बंद पोटाची अक्षरं खोल कोर," तो म्हणाला. "ती शाईनं भरतात." तिनं ती खोल कोरली. मग उजवा गाल केला.

शनिवारी सकाळी पहिला कागद यंत्रातून निघाला तेव्हा सांतुर्दे अजून मंत्री होते. डॉन हासिंतोंनी कागद उजेडात धरला, भिंग लावलं आणि कोपऱ्यावर पट्टी ठेवली. कासिल्दाची सही: C. Urrecha. लांबी साडेचार मिलीमीटर. आठ अक्षरं, सगळी सुलट.