आत्याच्या घरात शिरलेला खुनी

भय ही माणसाची आदिम भावना असून तिच्यावर विजय मिळवून देणं हे कलेचं परमकर्तव्य आहे. माझ्या धाकट्या भावाने भयपट काढला तो मात्र आत्याचं घर फुकट मिळालं म्हणून.

आतोबा गेल्यापासून आत्या एकटी. जिन्यात कुणी खाकरलं तरी ती दाराला दुसरी कडी घालायची. शेवटी घर बंद करून मुलाकडे जायचं ठरलं. जायची तिची तिळमात्र इच्छा नव्हती, पण भीतीपुढे इलाज काय!

सिनेमाची कथा सोपी होती. एकटी बाई, आणि घरात घुसलेला मुखवटेवाला खुनी. बाई आत्याच झाली. खुनी झाले शेजारचे दातांचे डॉक्टर, कारण लोक त्यांना आधीपासूनच घाबरत. दार एकदाच फोडता येणार, म्हणून चित्रीकरण कथेच्या क्रमानेच करायचं. खिडक्यांना चादरी लावून भरदुपारी रात्र केली.

पहिल्या दिवशी डॉक्टर दार फोडून आत आले, तेव्हा आत्या अशी किंचाळली की आवाज टिपणाऱ्याने कानातलं यंत्र काढून फेकलं. भाऊ हरखला.

पुढे गाडी घसरली. डॉक्टर सुरा घेऊन पलंगामागून उठले, तर आत्या म्हणाली, "अहो, गुडघा सांभाळा!"

"आत्या, तो खुनी आहे!" भाऊ ओरडला.

"असेल. पण सकाळपासून चहा तरी विचारलास का त्यांना?"

"तू घाबर ना जरा!"

"घाबरते रे. पण रोज उठून त्याच माणसाला किती घाबरायचं?"

सिनेमा लागला. एका समीक्षकाने लिहिलं की पूर्वार्ध रक्त गोठवतो, उत्तरार्धात बाई खुन्याला घरचाच समजते. भावाने तोंड पाडलं. समीक्षकाचं म्हणणं अगदी खरं होतं.

मुलगा आत्याला न्यायला आला.

"आई, सामान बांध."

"कशाला? खुनी येऊन गेला, मी त्याला गुडघा शेकून दिला. आता आणखी कोण यायचं राहिलंय?"

मग तिने भावाचे दोन्ही हात धरले. "पोरा, तुझे उपकार कसे फेडू?" ती एवढंच म्हणाली. त्याने आजवर नातेवाइकांचं काही भलं केल्याचं ऐकिवात नव्हतं. म्हणून मीही इथे लेखी आभार मानतो.

मुलाने आईसाठी रंगवून घेतलेल्या खोलीत आता इस्त्रीचे कपडे ठेवतात.