पाखडलेला समुद्र

प्रयागबाईच्या हाताला तिच्या गावी, खाप्यात, कोणी नाव ठेवू शकत नसे. लग्नघर असो की तेरवी, पहिलं बोलावणं तिला. तिनं पाखडलेल्या गव्हात खडा सापडायचा नाही की तांदळात कणी उरायची नाही. नवरा गेल्यावर ती नागपूरला, प्रताप नगरात भावाकडे आली आणि एका कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात अटेंडंट म्हणून लागली. गावाकडून येताना ती तेवढा हातच घेऊन आली. दुसरं आणणार तरी काय होती बिचारी!

तिथे शोभाताई होत्या. पोरांना शिकवायच्या आणि सहा वर्षांपासून पीएच.डी. करत होत्या, तीही समुद्रावर. नागपुरात बसून समुद्र! लोकांना हसायला तेवढंच पुरे होतं. पण समुद्र खरोखर आला होता, पिशव्यांतून. जहाजावरून समुद्राच्या तळात लांब नळी खुपसून काढलेला गाळ, थराथरानं एकशे बारा पिशव्यांत भरलेला. एक नंबर सगळ्यात वरचा, एकशे बारा सगळ्यात खालचा आणि जुना. प्रत्येक पिशवीतला अर्धा गाळ शोभाताईंनी जपून मागे ठेवला होता. उरलेला अर्धा प्रयागबाईनं चाळणीवर धुवायचा, ओव्हनमध्ये वाळवायचा. मग हाती यायची ती रव्याएवढी पांढरी कवचं, समुद्रातल्या बारीक जिवांची. शोभाताई ती मायक्रोस्कोपखाली ओल्या ब्रशच्या टोकानं एकेक उचलून मोजायच्या.

मार्च उजाडला, त्र्याऐंशीचा. थिसिस टाइप होऊन आली. एकतीस तारखेला नोंदणीची मुदत संपत होती, त्याच्या आत जमा केली की सुटलं. त्या शुक्रवारी शोभाताई इतक्या खुशीत होत्या की त्यांनी प्रयागबाईला समोर बसवून घेतलं.

"निम्मं काम तुमचं, प्रयागबाई. तुम्हाला कळायला नको?"

"मले काय समजते ताई त्यातलं?"

"समजेल. समुद्राच्या तळाशीही पाणी वाहतं. आपल्या कन्हान नदीसारखं नाही, अगदी हळू. दक्षिणेच्या बर्फाकडून निघालेलं पाणी इकडे पोचायला शेकडो वर्षं लागतात. पाणी जितकं जुनं तितकं आंबट, आणि ते आंबट पाणी ही कवचं खातं. कवचं फुटतात. ज्या थरात फुटकी जास्त, त्या काळात तळाशी तसलं पाणी होतं असं समजायचं."

"अन् आपल्या थरांत?"

"आपल्याकडे फुटकी जवळपास नाहीतच! वरपासून खालपर्यंत. म्हणजे इथल्या तळाचं पाणी कधी बदललंच नाही. बाकीचे म्हणतात बदललं, मी म्हणते नाही. हीच माझी थिसिस."

प्रयागबाईनं चमकून वर बघितलं. फुटके नाहीत? ढीगभर होते की! खालच्या पिशव्यांत तर अर्ध्याच्या वर चुराच असायचा. पण ताईंपुढे असला कोंडा-भुसा ठेवायचा कसा? म्हणून वाळलेला माल ती काळ्या कागदावर घ्यायची, दोन झटके द्यायची, वरून हलकीच फुंकर मारायची. चपटे तुकडे उडून जायचे, गोल गोल कवचं मागे राहायची. तेवढाच ताईंच्या डोळ्यांना आराम. हे कोणी करायला सांगितलं नव्हतं आणि करू नको असंही कोणी म्हटलं नव्हतं. निवडायला दिलेली वस्तू न पाखडता द्यायची असते, हेच तिला आजवर माहीत नव्हतं.

"काय झालं? चेहरा का उतरला?"

"काही नाही. ऊन लागलं वाटते," असं म्हणून ती उठली.

शनिवार तसाच गेला. रविवारी भावजयीनं विचारलं, "काहून जेवत नाही वं बाई?" तर ती तिच्यावरच खेकसली. सांगायचं तर ताईंची सहा वर्षं मातीत. न सांगायचं तर कोणाला पत्ता लागणार होता? तुकडे कधीच झाडूनं निघून गेलेले. समुद्र काही नागपूरला येऊन तक्रार करणार नव्हता. पण जे पुस्तक ताई जन्मभर अभिमानानं दाखवणार, ते खोटं आहे हे एकट्या प्रयागबाईला ठाऊक असणार. हा विचार काही तिच्या घशाखाली उतरेना.

सोमवारी ती कामावर आली ती थेट शोभाताईंच्या टेबलापाशी.

"ताई, फुटके होते. मी पाखडून देत होती. सारेच्या सारे."

शोभाताईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या किंचाळल्याच, "कोणी सांगितलं होतं तुम्हाला शहाणपण करायला? कोणी?"

प्रयागबाई मान खाली घालून उभी राहिली. खोटं बोलून वेळ मारून न्यायची अक्कल तिला नव्हती, आणि ते चांगलंच होतं.

शोभाताईंनी एकाहत्तर नंबरची पिशवी काढली, मागे ठेवलेला गाळ स्वतः धुतला, वाळवला. दुसऱ्या दिवशी त्याचे दोन भाग केले. एक तसाच ठेवला, दुसरा प्रयागबाईच्या हातात दिला. "पाखडा. रोज पाखडता तसंच." तिनं दोन झटके दिले, फुंकर मारली. मग शोभाताई मोजायला बसल्या. पाखडलेल्यात शंभरात नऊ फुटकी निघाली. न पाखडलेल्यात चोपन्न.

पाणी बदललं होतं. त्या थराच्या काळी तळाशी आंबट पाणी आलं होतं आणि हजारो कवचं खाऊन गेलं होतं. त्याची सगळी साक्ष प्रयागबाईनं फुंकरीनं उडवली होती.

विभागप्रमुख मनोहरराव म्हणजे शोभाताईंचे गाइड. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना पुढच्या वर्षी रिटायर व्हायचं होतं. शोभाताईंकडून सगळं ऐकल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं. "शोभाताई, वेड लागलं काय तुम्हाले? जमा करून टाका. पाखडलं-बिखडलं कोण विचारून राहिलं? नोंदणी एकदा गेली की पुन्हा पहिल्यापासून!"

प्रयागबाई चहाचे कप घेऊन तिथेच उभी होती. तिला वाटलं, ताईंनी हो म्हणावं. देवा, हो म्हणू दे एकदाचं. मग लगेच स्वतःचीच लाज वाटली.

तीस तारखेला शोभाताईंनी थिसिस जमा करणार नसल्याचा अर्ज लिहिला आणि तिला वाचून दाखवला. कारण म्हणून एकच ओळ होती: नमुने तयार करण्याची पद्धत मी स्वतः तपासली नाही.

"माहं नाव काहून नाही टाकलं?" प्रयागबाईला रडू फुटलं. "चूक माही अन् मार तुमाले? दोन थोबाडीत मारा ताई, पण असं करू नका."

"सहा वर्षं तुम्ही पलीकडच्या खोलीत काम केलंत. मी एकदाही येऊन बघितलं नाही. नाव कोणाचं टाकू?"

त्यांनी सही केली, पेन ठेवलं, आणि मग इतक्या दिवसांचा बांध फुटला.

"सावनेरहून भाऊ मला घ्यायला आला होता, आठवतं? आईचं जास्त झालं म्हणून. मी म्हटलं, तू हो पुढे, हातातला नमुना संपवते आणि संध्याकाळच्या बसनं येते. पोचले तेव्हा आईला खाली घेतलं होतं." त्यांनी वही उघडून पान पुढे केलं. "हा तो नमुना. चव्वेचाळीस नंबर. फुटकी तीन. हेसुद्धा खोटं, प्रयागबाई. हे मोजायला मी थांबले होते."

प्रयागबाईनं पदर तोंडात कोंबला. तिनं नुसता ताईंच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही.

शोभाताईंनी डोळे पुसले. शाळेच्या बाईसारखा पदर खोचला.

"चाळणी काढा," त्या म्हणाल्या. "पुन्हा सुरू करायचं. एक नंबर नंतर. आधी चव्वेचाळीस."