सोबतीचं तिकीट

सोबतीच्या फुकट तिकिटावर मी कुणाचंच नाव घातलं नाही, म्हणून विमान कंपनीनं माणूस पाठवून दिला. सकाळी बेल वाजली तर दारात तो उभा. अंगात राखाडी शर्ट, हातात केबिनमध्ये मावेल एवढी बॅग.

"सुमेधा कारखानीस?"

"हो."

"मी सोबती. प्रवासाच्या दिवसापर्यंत इथंच राहायचं असतं."

मी चहा टाकला. त्यानं साखर नको म्हटलं, कारण तिकीट काढताना मी बिनसाखरेचं जेवण निवडलं होतं.

हे तिकीट मी क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर मिळवलं होतं. सांगलीत ओळखीच्या कुणालाही काही मोठं घ्यायचं असलं की मी सोबत जायची आणि माझं कार्ड पुढं करायची. शेजारच्या देशमाने काकूंचा फ्रिज, ऑफिसातल्या मुलींचे विम्याचे हप्ते, पुतणीच्या लग्नाचा हॉल. लोक मला रोख द्यायचे, पॉइंट माझ्याकडे राहायचे. "आमच्या फ्रिजवर बसून तू परदेशात जाणार होय गं!" काकू हसायच्या. पुरेसे पॉइंट झाले तेव्हा बँकेनं ताश्कंदच्या तिकिटावर दुसरं तिकीट फुकट दिलं. मी सगळ्यांना विचारून पाहिलं. माझा भाऊ श्रीरंग म्हणाला, द्राक्षाचा सीझन आहे. काकूंचे गुडघे. कॉलेजातली शर्वरी म्हणाली, "मजा कर गं, फोटो पाठव." मग नावाची जागा मी मोकळीच ठेवली.

पॉइंटांवरचं तिकीट सरळ जात नाही. मध्येच एका विमानतळावर आम्हाला उतरवलं. तिथल्या पाट्यांवर अक्षरांऐवजी बाण होते. पुढचं विमान उशिरा होतं. दालन लांबलचक होतं, टोक दिसत नव्हतं. आम्ही खिडकीजवळ बसलो.

"खिडकीकडे तुम्ही बसा," तो म्हणाला. "तुमच्या पसंतीत तसं लिहिलंय."

त्यानं संत्रं सोललं आणि शिरा काढून फोडी माझ्यापुढं ठेवल्या. मग मी बोलत सुटले. हॉटेलात एकटी जेवायला गेले की समोरच्या खुर्चीवर पर्स ठेवते, म्हणजे वेटर दुसरी ताटली उचलून नेत नाही, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं.

तो हसला नाही. "आता पर्स मांडीवर ठेवली तरी चालेल," म्हणाला.

मी पर्स मांडीवर घेतली. थोड्या वेळानं विचारलं, "ताश्कंदला गेल्यावर आपण आधी काय बघायचं?"

"ताश्कंदला मी नसतो. सोबत विमान उतरेपर्यंतच असते."

मी उठून काउंटरवर गेले. तो माझ्या डाव्या हाताला उभा राहिला. काउंटरवरची मुलगी मराठीच बोलत होती.

"सोबत वाढवून हवी आहे," मी म्हटलं.

"पॉइंट संपलेत, मॅडम. दुसरं काही द्यायला आहे का?" तिनं स्क्रीनवर पाहिलं. "तुमच्या नावावर स्वयंपाकघर दिसतंय."

मी स्वयंपाकघर दिलं. आमचं विमान आमच्याशिवाय गेलं आणि दालन थोडं आखूड झालं. लगेच काकूंचा फोन आला.

"अगं सुमेधा, तुझं स्वयंपाकघर गेलं की! आमची भिंत थेट तुझ्या बेडरूमला लागली."

"माहिती आहे, काकू."

"बरं. मला वाटलं, तुला माहिती नसेल."

पुढच्या विमानाच्या वेळी मी बेडरूम दिली. त्यापुढच्या वेळी गॅलरी आणि तिच्यातली जास्वंद. दर वेळी दालनाची भिंत काही पावलं जवळ सरकायची आणि खुर्च्या कमी व्हायच्या. पण आमच्या दोन राहायच्या. तो संत्री सोलायचा. मी त्याला आईचं आजारपण सांगितलं, मोडलेलं लग्न सांगितलं. सगळं ऐकून तो म्हणायचा, "मग?"

"तुम्हाला थांबायचंय ना इथं?" मी एकदा विचारलं.

"तुम्ही थांबाल तिथं मी थांबतो."

"तसं नाही. तुम्हाला स्वतःला?"

त्यानं बराच विचार केला. "तशी सोय नाहीये," म्हणाला.

घर संपल्यावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "एक भाऊ दिसतोय. राखीपौर्णिमेसकट."

मी लगेच हो म्हटलं नाही. खुर्चीत येऊन बसले. तोही बसला. मग विमानाची घोषणा झाली, तो बॅग उचलायला वाकला आणि मी पळतच काउंटरवर गेले.

श्रीरंगचा फोन आला. "ताई, तुझा नंबर माझ्या फोनमधून पुसट होत चाललाय गं. बरी आहेस ना?"

"बरी आहे. सोबत आहे मला."

"मग काळजी नाही," तो म्हणाला. मागं द्राक्षांच्या पेट्यांना खिळे ठोकल्याचा आवाज येत होता. "आपण कोण बोलताय?"

मी सांगितलं. तो "राँग नंबर" म्हणाला. अगदी सभ्यपणे.

आता दालनात आमच्या दोन खुर्च्या, काउंटर आणि गेट एवढंच उरलं होतं. उभं राहिलं की पाठ भिंतीला लागायची.

"आता नावच आहे," मुलगी म्हणाली. "पण ते दिलंत तर सोबत कधीच संपणार नाही. परत परत यायलाही नको."

मी त्याच्याकडं पाहिलं. तो माझी बॅग धरून उभा होता. मी नाव दिलं. तिनं दोन नवे बोर्डिंग पास छापले, अजून गरम होते. माझ्या पासवर 'सोबती' लिहिलेलं होतं. त्याच्या पासवरही.

मला हलकं वाटलं. त्याच्याकडून माझी बॅग घेतली, पुढं झाले, गेटवरच्या माणसाला पास दिला. त्यानं तो पाहिला, मग शेजारचा पाहिला.

"मुख्य प्रवासी कुठायत?"

आम्ही दोघांनी एकदमच मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती.

"येतील," सोबती म्हणाला, आणि बॅग खाली ठेवली.

मीही माझी ठेवली. मग थोडी बाजूला सरकले. तोही सरकला. मध्ये एका माणसापुरती जागा सोडून आम्ही उभे राहिलो.