तोंड उघडलं की स्वयंसेवक

समोरच्याला नाही म्हणता येणार नाही अशा वेळी त्याला विचारायचं, ही आमच्या दातांच्या डॉक्टरांची स्वयंसेवक जमवायची रीत. खुर्ची मागे झुकवायची, गालात कापूस कोंबायचा, दिवा डोळ्यांवर आणायचा आणि मग लाडात येऊन म्हणायचं, "रविवारी वसाहतीचं संमेलन आहे. पडद्याचं तुमच्याकडे देऊ ना?" शिंपी बिचारा म्हणाला, "आँ आँ." डॉक्टर खूश. "वा, देवमाणूस आहात. चूळ भरा."

चूळ भरून झाल्यावर तरी त्यानं नाही म्हणावं की नाही? पण आपली अर्धी कोरलेली दाढ ज्याच्या हातात आहे, त्याच्याशी वाद घालायची छाती कुणाची? अशानं बेकरीवाला दारावर लागला, शाळेच्या हेडबाई पाण्याच्या पिंपाशी लागल्या. गवंडी तर नुसता सासूला घ्यायला आला होता. तो जांभई देताना सापडला.

एवढा आटापिटा कशासाठी, तर आत्यासाठी. डॉक्टरांना त्यांच्या आत्यानं वाढवलं. लहानपणी या माणसाचे दात इतके किडके, की आज कुणी ऐकलं तर दवाखाना बंद पडेल. दाढ ठणकायला लागली की आत्या त्यांचा गाल तळहातावर घ्यायची आणि दुखणं थांबेपर्यंत गात बसायची. काय आवाज होता तिचा! पण चार माणसं समोर दिसली की तिची दातखीळ बसायची. सगळा जन्म ती स्वयंपाकघराचं दार लावून गायली, आणि डॉक्टरांना ते फार लागायचं.

या वर्षी हातापाया पडून त्यांनी तिला संमेलनात गायला राजी केलं. ती म्हणाली, "गाईन रे. पण सभागृह भरलेलं हवं. रिकाम्या खुर्च्यांपुढे गाऊन मला माझं हसं करून घ्यायचं नाही. तसं दिसलं तर उठून घरी जाईन, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही."

आत्याचा शब्द म्हणजे शब्द. डॉक्टरांनी धसकाच घेतला. कुठे काही कमी पडायला नको म्हणून येईल त्याच्या तोंडात कापूस आणि छातीवर बिल्ला.

"अहो, पुरे आता," बायको म्हणाली. "माणसं संपतील."

"माणसं कधी संपतात का?" डॉक्टर म्हणाले.

संपली की. रविवारी डॉक्टरांनी पडद्याच्या फटीतून पाहिलं, तर अख्खी वसाहत बिल्ले लावून भिंतीला चिकटून उभी, आणि खुर्च्यांवर चिटपाखरू नाही. डॉक्टर धावत खाली आले.

"अहो, बसा की कुणीतरी."

"मी दार सोडणार नाही," बेकरीवाला म्हणाला. "तुम्हीच जबाबदारी दिलीत."

"सगळे आत आलेत. आता दारातून येणार कोण?"

"ते मला नका सांगू. माझं काम दार."

हेडबाईंनी पिंपावरचा हात काढला नाही. गवंड्याच्या हातात बॅटरी होती, तो न आलेल्या माणसांना जागा दाखवत होता. कापूस कोंबून कामाला लावलेली ही माणसं, पण बिल्ला कसा अंगात भिनतो बघा.

तेवढ्यात शिंप्यानं पडदा ओढला. वेळेचा पक्का माणूस, दुसरं काय. आत्या नवी शाल पांघरून मंचावर बसली होती. तिनं खुर्च्या पाहिल्या. तिची दातखीळ बसली, आणि घरी निघायला हात चाचपडत पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे गेला.

डॉक्टर खुर्च्यांच्या मधोमध येऊन उभे राहिले. विनवण्या करून झाल्या होत्या, सुचत काहीच नव्हतं. मग तोंडातून आपोआप तो दवाखान्यातला आवाज आला, शांत, सपाट, ज्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

"बसा."

जो तो जवळच्या खुर्चीत बसला. बेकरीवालासुद्धा.

"मान मागे. अंग सैल सोडा. काही दुखणार नाही. आता आ करा."

सगळ्या सभागृहानं तोंड उघडलं आणि एक भलामोठा आ छताला जाऊन भिडला. मंचावर आत्यानंही तोंड उघडलं. तिची कवळी याच डॉक्टरांनी बसवली होती, तिला कशी सुटका असणार? आणि उघडल्या तोंडातून सूर निघाला. आधी बारीक, कापरा, मग मोकळा होत वर चढत गेला. तो ऐकू यावा म्हणून बाकीच्यांनी एकेक करून तोंडं मिटली.

आत्या गायली. हेडबाई पिंप विसरल्या, गवंड्यानं बॅटरी विझवली. एकटे डॉक्टरच उभे होते, त्यांना बायकोनं हाताला धरून बसवलं. गाणं संपलं तेव्हा ते गालाला हात लावून, डोळे मिटून बसले होते.

आत्यानं मंचावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"काय रे, अजून दुखतंय का? आणखी एक म्हणू?"

डॉक्टरांनी डोळे न उघडता गाल तळहातावर तसाच धरून ठेवला.

"आँ आँ," ते म्हणाले.

आत्यानं ते होच धरलं आणि दुसरं गाणं सुरू केलं.