ताईची वेलांटी

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. डोक्यात आठवणींचं कपाट नसतं, आठवण दर वेळी नव्याने शिवली जाते, हे मी इतक्यांदा सांगितलंय की मुलं माझी नक्कल करतात. स्वतःच्या एका आठवणीला मात्र मी तो नियम कधी लावला नाही.

आमचे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मी शिडीच्या खालच्या पायरीवर बसले आहे, माझ्या मुठीवर बाबांची मूठ, मुठीत ब्रश, आणि आम्ही दोघं मिळून एक लांबलचक वेलांटी ओढतोय. टर्पेंटाइनचा उग्र वास येतोय. वेलांटी घसरते, फ्रॉकवर रंग सांडतो आणि बाबा हसत सुटतात. ते गेले तेव्हा मी जेमतेम बोलायला लागले होते. बाबा म्हणून माझ्याकडे आहे ते एवढंच.

परवा ताईकडे जुने फोटो निवडत बसलो होतो. एकात ती शिडी निघाली, बाबा निघाले, डाग पडलेला फ्रॉकही निघाला. फ्रॉकमध्ये ताई होती. मी मागे आईच्या कडेवर, बोळकं पसरून.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला भयंकर राग आला. जन्मभर ताईचे फ्रॉक घातले, तिचीच पुस्तकं वापरली. आता आठवणही जुनीच निघाली, असं मी तिला फाडकन बोलून गेले.

ताईने शांतपणे चष्मा पुसला. शेजारणीच्या मुलीला तिचे बाबा घ्यायला आले की मी भोकाड पसरायची, म्हणून ती मला वेलांटीची गोष्ट सांगायची, म्हणाली.

"गोष्टीत मीच होते गं. पण तू विचारलंस, 'आणि मी कुठे होते?' काय सांगणार? म्हटलं, तू शिडीवर बसली होतीस. मग रोज तसंच सांगत गेले."

यावर वर्गात मी अख्खा तास घेतला असता. तिथे नुसतं रडू आलं.

"घे बाई तुझी तुला परत," मी म्हणाले.

ताई बराच वेळ फोटो निरखत राहिली.

"परत कुठली घेऊ? इतक्यांदा सांगितली, आता मलाही शिडीवर तूच दिसतेस."