पेणकरपाड्याची रसिका

गाण्याच्या शोमध्ये रसिकाचा तिसरा नंबर आला, तेव्हापासून लोक तिला एकच विचारत होते. "आता घरचं कसं चाललंय?" गाण्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

घरचं उत्तम चाललं होतं. बाबा विमा कंपनीत अधिकारी, आई शाळेत शिक्षिका, शांती नगरात स्वतःचा फ्लॅट. पण शोवाल्यांना तो फ्लॅटच खटकला. तिच्यावर फिल्म काढायला आलेल्या डायरेक्टरने सोफ्याकडे, एसीकडे बघून तोंड वाकडं केलं. "सर, यात स्ट्रगल कुठाय? लोक व्होट कशावर करणार?"

तेवढ्यात त्याला ओट्याशी भांडी घासणारी चंपामावशी दिसली. ती पेणकरपाड्याच्या वस्तीत, पत्र्याच्या खोलीत राहते म्हटल्यावर सगळी वरात तिकडे. मावशीची गॅसची शेगडी दाराबाहेर गेली, तिच्या जागी कुठून तरी आणलेली चूल मांडली आणि फुंकणी रसिकाच्या हातात दिली. धुराने तिचे डोळे भरून आले. पुढे दर रविवारी टीव्हीवर तेच डोळे.

"बाबा, हे खोटं आहे," ती तेव्हाच म्हणाली होती.

"दोन मिनिटांची तर फिल्म. एकदा पुढे गेलीस की तुझा आवाजच बोलेल."

मग भाईंदरच्या एका मंडळाने सत्कार ठेवला. शोमध्ये प्रत्येक गाणं कापूनछाटून गायला लावायचे, म्हणून इथे तरी पूरिया धनाश्री राग मनासारखा गायचा, असं ठरवून तिने आठवडाभर रियाज केला. पण भाषणं संपेनात. अध्यक्ष जितेंद्रभाऊंनी तिच्याकडे हात केला. "चुलीपुढे बसून सूर लावणारी ही आपली पेणकरपाड्याची लेक!"

रसिकाने माईक ओढून घेतला. "ते घर माझं नाही. आमच्याकडे काम करणाऱ्या चंपामावशीचं आहे."

मग भाऊच म्हणाले, "बघा, काय संस्कार! एवढी मोठी झाली, पण कामवाल्या मावशीला विसरली नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

तिने कसाबसा आलाप सुरू केला, तर मागून ओरडा झाला, "ते रडायचं गाणं म्हण ना!" हॉलमध्ये यानंतर कुणाचा तरी वाढदिवस होता, त्याचे फुगे दारात येऊन थांबलेच होते. तिने मुखडासुद्धा गाठला नाही. मोबाइलवरचा तानपुरा बंद करून उठली.

रिक्षात तिने बाबांना विचारलं, "मला मतं कशावर मिळाली? आवाजावर, की मावशीच्या घरावर?"

"आवाजावर."

"तुम्हाला काय माहीत?"



दुसऱ्या दिवशी चंपामावशी कामावर आली तीच वैतागून. "माझ्या दारावर कुणीतरी तुझ्या फोटोचा बॅनर लावलाय गं. 'आपल्या रसिकाचं घर.' पोरं सेल्फी काढायला येतात. मला साधी अंघोळ करायची चोरी झालीय."

रसिकाने चप्पल अडकवली. "चल."

पेणकरपाड्यात ती स्टुलावर चढली. बॅनर तारेने आवळून बांधला होता. एक गाठ सुटेना, नख तुटलं, तरी ती ओढत राहिली. खाली बघे जमले. "अरे, ये तो वो गानेवाली है! कुछ सुनाओ ना!" एकाने मोबाइल समोर धरला.

शेजारची सरूबाई तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "बघा, नाव झालं. आता जुन्या घराची लाज वाटते."

"सरूबाई, घर माझं आहे!" मावशी कडाडली. "लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेस ना मला?"

"मग टीव्हीवर खोटं दाखवतील होय?"

मावशीने कपाळावर हात मारला. रसिकाने शेवटची तार उपटली. बॅनर धप्पकन खाली आला. मावशीने तो चाचपून पाहिला.

"जाड आहे गं. पत्र्यावर टाकते, गळतंय तिथे."

"टाक," रसिका स्टुलावरून उतरत म्हणाली. "फक्त माझं तोंड खालच्या बाजूला कर."